मजूर बेकार: मॉरिस साची यांची जाहिरात आणि राजकारण

१९७८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या काही रस्त्यांवर एक होर्डिंग लागलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर माणसांची लांबच लांब, वळत गेलेली रांग. रांगेच्या तोंडाशी बेकारांच्या कचेरीची पाटी. वर मोठ्या काळ्या अक्षरांत तीन शब्द: 'लेबर इजन्ट वर्किंग'. तळाशी, बऱ्याच लहान टायपात, हुजूर पक्ष असला तर ब्रिटनचं बरं चालेल अशा अर्थाची एक ओळ. बस, एवढंच.

श्लेष इंग्रजीतला आहे, पण मराठीत तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. आपली वृत्तपत्रं लेबर पार्टीला मजूर पक्ष म्हणतात आणि कन्झर्व्हेटिव्हांना हुजूर पक्ष. त्या होर्डिंगचं मराठी मग दोन शब्दांत होतं: 'मजूर बेकार'. मजुराला काम नाही, हा एक अर्थ. सत्तेवरचा मजूर पक्ष कुचकामाचा, हा दुसरा. पहिला अर्थ होर्डिंग सांगतं, दुसरा वाचणारा स्वतः लावतो. स्वतः लावलेला अर्थ माणसाला स्वतःचंच मत वाटतं, आणि स्वतःच्या मताशी कोणी वाद घालत नाही.

हे होर्डिंग 'साची अँड साची' या जाहिरात संस्थेत तयार झालं. संस्था दोन भावांची. थोरले चार्ल्स कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारे, होते, पुढे चित्रसंग्राहक म्हणून गाजले. धाकटे मॉरिस हिशेब, क्लायंट आणि विस्तार बघायचे. पुढे तेच लॉर्ड झाले, हुजूर पक्षाचे सहअध्यक्ष झाले आणि शेवटी एक कायदा करून घ्यायला निघाले. जाहिरातीतली वजाबाकी, म्हणजे एकच गोष्ट उरेपर्यंत बाकीचं सगळं काढून टाकणं, राजकारणात कुठवर चालते आणि कुठे अडते, हे त्यांच्या आयुष्याइतकं नीट क्वचितच कुठे दिसतं.

बगदाद ते गोल्डन स्क्वेअर

मॉरिस यांचा जन्म २१ जून १९४६ चा, बगदादचा. घराणं इराकी ज्यू. वडील नेथन कापडाचे व्यापारी. आडनावाचा अर्थ घड्याळवाला. अरबी 'साअत' म्हणजे वेळ (आपली 'साइत' तिथूनच आली) आणि त्याला तुर्की 'ची', जो आपल्या 'तोपची'त आहे. बगदादी ज्यूंची महाराष्ट्राला ओळख आहे ती ससून घराण्यामुळे. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचं ससून रुग्णालय आणि लाल देऊळ ही त्याच समाजाची, शंभराहून अधिक वर्षं आधी पूर्वेकडे निघालेल्या शाखेची कामं. साची कुटुंब पश्चिमेला गेलं. १९४७ मध्ये, मॉरिस वर्षाचे असताना, ते लंडनला आले आणि वडिलांनी उत्तर लंडनमध्ये पुन्हा कापडाचाच धंदा उभा केला.

मॉरिस १९६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून पहिल्या वर्गात पदवीधर झाले आणि हेमार्केट या नियतकालिकांच्या प्रकाशन संस्थेत लागले. तिचे एक मालक मायकेल हेसलटाइन, जे पुढे ब्रिटनचे उपपंतप्रधान झाले. हेमार्केटनं १९६८ मध्ये जाहिरात व्यवसायाचं 'कॅम्पेन' हे साप्ताहिक सुरू केलं. कोणत्या संस्थेकडे कोणता क्लायंट आहे, कोण कंटाळलाय, कोण विकायला तयार आहे, ही माहिती त्या साप्ताहिकाचा कच्चा माल होती. मॉरिस यांनी ती संधी वाया घालवली नाही.

चार्ल्स तोवर रॉस क्रेमर यांच्या जोडीनं काम करत होते. संततिनियमनासाठी त्यांच्या संस्थेनं केलेली, पोट पुढे आलेल्या पुरुषाची जाहिरात आजही शिकवली जाते. १९७० मध्ये दोघे भाऊ एकत्र आले आणि लंडनच्या सोहो भागातल्या गोल्डन स्क्वेअरमध्ये पाटी लागली. टिम बेल त्याच वर्षी माध्यम विभाग सांभाळायला आले. चार्ल्स क्लायंटसमोर जायचं टाळत, बोलण्याचं काम बेल करत. हुजूर पक्षाचं काम आल्यावर रोजची ये-जा बेल यांचीच होती, आणि त्या तीन शब्दांची कॉपी अँड्र्यू रदरफर्ड यांची. मॉरिस यांना त्या होर्डिंगचे लेखक समजणं चूक आहे. त्यांनी ती संस्था उभी केली, जिच्यात असं होर्डिंग तयार होऊ शकलं.

संस्था गिळण्याचं गणित

साची अँड साची पंधरा-सोळा वर्षांत जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी झाली. नुसत्या चांगल्या जाहिराती करून असं होत नाही. त्यामागे शेअर बाजाराचं एक साधं गणित होतं, ते आकड्यांतच बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, आपल्या कंपनीचा वर्षाचा नफा १० लाख पौंड आणि शेअर १० लाख. म्हणजे शेअरमागे नफा १ पौंड. बाजार आपल्यावर खूश आहे, नफ्याच्या २० पट भाव देतो, म्हणून शेअरचा भाव २० पौंड. शेजारच्या संस्थेचा नफा ५ लाख, पण ती नफ्याच्या १० पटीला, म्हणजे ५० लाखांना विकत मिळते. आपण रोख पैसे देतच नाही, २० पौंडाचे अडीच लाख नवे शेअर छापून देतो. आता एकूण नफा १५ लाख, शेअर साडेबारा लाख, शेअरमागे नफा १ पौंड २० पेन्स. एकही नवा क्लायंट आलेला नाही, एकही जाहिरात जास्त झालेली नाही, तरी शेअरमागचा नफा २० टक्के वाढला. बाजारानं तीच २० पट कायम ठेवली तर भाव २४ पौंड होतो आणि पुढची संस्था आणखी स्वस्तात पडते.

याला दुसरी जोड असायची हप्त्यांची. किमतीचा काही भाग आज, उरलेला पुढच्या काही वर्षांत, नफ्याचं ठरलेलं लक्ष्य गाठलं तर. विकणारा मालक त्यामुळे खुर्चीत टिकतो आणि नफा काढत राहतो.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे ही सायकल थांबली की पडते. भाव उतरला की नवे शेअर कोणी घेत नाही, आणि मागच्या खरेदीचे हप्ते मात्र रोखीत द्यायचे असतात. दुसरं, हप्ते संपले की जुना मालक निघून जातो, आणि जाहिरात संस्थेत माणसांशिवाय दुसरी मालमत्ता नसते. तिसरं, दोन संस्था एक झाल्या की प्रतिस्पर्धी क्लायंट एका छपराखाली येतात. साबणाची एक कंपनी आपली पुढच्या वर्षाची योजना दुसऱ्या साबणवाल्याच्या संस्थेत ठेवायला तयार होत नाही.

१९७५ मध्ये कॉम्प्टन ही शेअर बाजारात नोंद असलेली मोठी संस्था साचींच्या हाती आली आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलसारखा क्लायंट मिळाला. १९८६ मध्ये अमेरिकेतली टेड बेट्स ४५ कोटी डॉलरना घेतली आणि त्याच खरेदीनं वरचं तिसरं दुखणं जोरात उफाळलं. मोठे क्लायंट काम काढून घेऊ लागले. १९८७ मध्ये मॉरिस यांनी मिडलँड बँक विकत घेता येईल का याची चाचपणी केली. बँकेनं नकार दिला, पण लंडनच्या अर्थविश्वाच्या मनातली शंका तिथे पक्की झाली. ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. पुढची काही वर्षं कंपनीनं कर्ज निस्तरण्यात घालवली, आणि डिसेंबर १९९४ मध्ये शिकागोच्या एका गुंतवणूक संस्थेच्या पुढाकारानं भागधारकांनी दबाव आणल्यावर संचालक मंडळानं मॉरिस यांना अध्यक्षपदावरून काढलं. दार बंद झाल्यावर ते काही आठवड्यांतच जेरेमी सिंक्लेअर, बिल म्यूरहेड आणि डेव्हिड कर्शॉ या जुन्या सहकाऱ्यांसह नवी संस्था घेऊन उभे राहिले: 'एम अँड सी साची'. ब्रिटिश एअरवेज त्यांच्या मागोमाग आली. नावात 'साची' असलेल्या दोन वेगळ्या संस्था तेव्हापासून आहेत, आणि वाचकांचा गोंधळ होतो तो यामुळेच. २००७ मध्ये मजूर पक्षाच्या गॉर्डन ब्राऊन यांची जाहिरात करणारी साची अँड साची ही भावांशिवायची जुनी कंपनी होती.

टीव्ही बंद, म्हणून होर्डिंग

आता मुळाकडे. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही. १९५४ च्या टेलिव्हिजन कायद्यानं खासगी वाहिन्यांना परवानगी देतानाच ही बंदी घातली, आज ती २००३ च्या कम्युनिकेशन्स कायद्यात आहे. २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही ती ९ विरुद्ध ८ मतांनी वैध ठरवली. भारतात २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून पक्ष आधी प्रमाणपत्र घेऊन टीव्हीवर जाहिरात देऊ शकतात. ब्रिटनमध्ये पैसे आणि प्रमाणपत्र दोन्ही असून उपयोग नाही. त्याऐवजी पक्षांना ठरावीक फुकट प्रक्षेपणं मिळतात. १९७९ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांच्या वाट्याला प्रत्येकी ५ आली होती.

उरतात वृत्तपत्रं आणि होर्डिंग, आणि आता इंटरनेट. ब्रिटनमध्ये होर्डिंगचं ठरलेलं माप आहे ४८ पानी, म्हणजे २० फूट रुंद आणि १० फूट उंच. गाडीतून जाणाऱ्याला ते काही सेकंद दिसतं. तेवढ्यात सात-आठ शब्दांपलीकडे काही वाचून होत नाही, म्हणून चित्र आणि ओळ यांनी एकमेकांचं काम वाटून घ्यावं लागतं. 'बेकारी वाढली' हे चित्रानं सांगितलं की ओळीनं ते पुन्हा सांगायचं नसतं. नवखे कॉपीरायटर हमखास इथेच घसरतात.

१९७८ च्या रांगेसाठी शंभरेक माणसं हवी होती. लंडनमधल्या हेंडनच्या तरुण हुजूर कार्यकर्त्यांना बोलावलं, आले सुमारे २०. मग त्याच माणसांना रांगेच्या एकेका तुकड्यात उभं करून पुन्हा पुन्हा फोटो काढले आणि ते जोडून लांब रांग तयार केली. हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं म्हणतात, की आपल्या जाहिरातीत सर्वांत मोठं नाव विरोधी पक्षाचं कसं? शंका रास्त होती. ब्रँडची जाहिरात स्वतःचं नाव मोठं करते. पण विरोधी पक्षाच्या हाती दाखवायला काम नसतं, सत्ताधाऱ्याची नाराजी तेवढी असते. मग नाव नाराजीचंच मोठं करायचं.

आणि ते लागलं होतं किती ठिकाणी? सुरुवातीला सुमारे २०. बाकीचं काम मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी केलं. रांगेतली माणसं बेकार नाहीतच, हा साबण विकल्यासारखा प्रकार आहे, असा त्यांनी जाहीर संताप व्यक्त केला. त्यावर बातमी द्यायची तर वृत्तपत्रांना आणि टीव्हीला होर्डिंग दाखवणं भाग होतं. ज्या टीव्हीवर पैसे देऊनही जाता येत नव्हतं, तिथे ते बातमी म्हणून फुकट गेलं. ब्रिटनमध्ये राजकीय होर्डिंगचं काम तेव्हापासून असं चालतं: जागा थोड्या, अनावरणाला कॅमेरे पुष्कळ, आणि समोरच्या पक्षानं चिडावं अशी आशा. ज्याच्याविरुद्ध जाहिरात आहे त्यानं गप्प बसणं हाच तिच्यावरचा स्वस्त उपाय, आणि राजकारण्याला तोच सर्वांत जड जातो.

होर्डिंगनं निवडणूक जिंकली का? नाही. ७ सप्टेंबर १९७८ ला पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी त्या शरदात निवडणूक घेणार नाही असं जाहीर केलं. नंतरच्या हिवाळ्यात संपांनी देश ठप्प केला, कचरा रस्त्यावर साचला, काही ठिकाणी प्रेतं पुरायचीही राहिली. २८ मार्च १९७९ ला अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मतानं मंजूर झाला आणि ३ मे रोजी हुजूर पक्ष ३३९ जागा घेऊन सत्तेवर आला. लोक अस्वस्थ होतेच. त्या अस्वस्थतेला होर्डिंगनं तीन शब्द दिले. होर्डिंग लागलं तेव्हा बेकार सुमारे १५ लाख होते. थॅचर यांच्या राजवटीत, जानेवारी १९८२ मध्ये, तो आकडा ३० लाखांवर गेला. रांग दुप्पट झाली, पण मजूर पक्षाला तिच्यासाठी तशी ओळ काही सापडली नाही.

बॉम्ब आणि लाल डोळे

१९८३ ची मोहीमही साचींकडेच होती. १९८७ मध्ये मतदानाच्या आठवडाभर आधी एका जनमत चाचणीनं पक्षात घबराट पसरली, आणि तोवर साची सोडून गेलेले टिम बेल मागच्या दारानं पुन्हा सल्ला देऊ लागले. हुजूर पक्ष मोठ्या बहुमतानं जिंकला, पण श्रेय कोणाचं यावरून इतकी कटुता आली की साचींनी ते काम सोडलं. १९९२ च्या निवडणुकीसाठी पक्षानं त्यांना परत बोलावलं.

ती मोहीम तंत्राच्या दृष्टीनं सगळ्यांत शिकण्यासारखी. देशात मंदी, सत्तेवर हुजूर, म्हणजे १९७८ च्या अगदी उलट बाजू. मग नाराजीवरून लक्ष भीतीवर न्यायचं ठरलं. मजूर पक्षाची सगळी आश्वासनं गोळा करायची, प्रत्येकाचा खर्च स्वतः मांडायचा, बेरीज करायची आणि ती करदात्यांवर वाटायची. होर्डिंगवर एक काळा बॉम्ब आणि आकडा: वर्षाला १,२५० पौंड जादा कर. मजूर पक्षाचा आक्षेप होता की ही आश्वासनं अनेक वर्षांवर पसरलेली आहेत, सगळी एकदम अमलात येणार नाहीत. आक्षेप बरोबर होता, पण तो सांगायला चार वाक्यं लागत. गोल आकड्यापेक्षा १,२५० हा हिशेब करून काढलेला वाटतो, आणि तो खोडायला निघालेला प्रत्येक जण तोच आकडा पुन्हा उच्चारतो. ९ एप्रिलला हुजूर पंतप्रधान जॉन मेजर २१ च्या बहुमतानं जिंकले. मोहिमेचे प्रमुख क्रिस पॅटन मात्र बाथची आपली जागा हरले.

१९९६ मध्ये याच हत्याराची धार उलटली. मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांच्या फोटोत डोळ्यांच्या जागी सैतानी लाल डोळे, आणि 'नवा मजूर, नवा धोका' अशी ओळ. हे एम अँड सी साचीचं काम. तक्रारी झाल्या, जाहिरात मानक प्राधिकरणानं ती वापरू नये असं सांगितलं, वाद भरपूर झाला. यंत्र १९७८ सारखंच फिरलं: जागा थोड्या, गाजावाजा मोठा. आणि तरी १ मे १९९७ ला हुजूर पक्ष १६५ जागांवर आला. लोकांना ब्लेअर यांची भीती वाटतच नव्हती. जी भावना मतदारात नाही, ती फलक लावून येत नाही.

या प्रकरणांनंतर नियमांत जे बदललं त्याकडे क्वचितच लक्ष जातं. १९९९ पासून जाहिरात मानक प्राधिकरण राजकीय जाहिरातींच्या तक्रारी घेतच नाही. शांपूच्या बाटलीवरचा दावा सिद्ध करावा लागतो, पक्षाच्या फलकावरचा नाही. पैशावर मात्र लगाम आला. उमेदवाराच्या खर्चाला १८८३ पासून मर्यादा होती, पण पक्षाच्या देशभरच्या खर्चाला अजिबात नव्हती. १९९७ मध्ये हुजूर पक्षानं २ कोटी ८० लाख पौंडांच्या वर खर्च केला. २००० च्या कायद्यानं लढवलेल्या प्रत्येक मतदारसंघामागे ३०,००० पौंड अशी सीमा घातली. २०२३ मध्ये ती ५४,०१० पौंड झाली.

लॉर्ड म्हणजे नेमकं काय

लाल डोळ्यांच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मॉरिस साची 'बॅरन साची ऑफ स्टेपलफील्ड' झाले. १९५८ च्या कायद्यापासून ब्रिटनमध्ये हयातीपुरतं लॉर्डपद, म्हणजे संसदेच्या वरच्या लॉर्ड्स सभेतली जागा, देता येतं. ते मुलांकडे जात नाही. पंतप्रधान शिफारस करतात, राजघराणं सनद देतं. निवडणूक नाही, मतदारसंघ नाही. नावापुढचं गाव फक्त पदवीत असतं. लॉर्डला पगार नाही, हजेरीचा भत्ता आहे, आणि खासदारांच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येत नाही. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्याशी तुलना करायचा मोह होतो, पण राज्यसभेची मुदत ६ वर्षं, ही हयातभराची. पक्षाचं काम केलेल्यांना अशी पदं देण्यावर ब्रिटनमध्ये कायम टीका होते, आणि ती योग्य आहे.

साचींनी पद नुसतं मिरवलं नाही, हेही खरं. १९९९ पासून ते लॉर्ड्स सभेत विरोधी बाकांवरून अर्थ खात्याचे प्रवक्ते होते. त्यांचा एक मुद्दा आजही ठोस वाटतो. कमी उत्पन्नाच्या माणसाकडून सरकार एका हातानं आयकर घेतं आणि दुसऱ्या हातानं भत्ता देतं; दोन्हीकडे अर्ज, दोन्हीकडे कारकून. त्यापेक्षा करमुक्त उत्पन्नाची मर्यादाच वर न्या. २०१० ते २०१५ मध्ये ही मर्यादा ६,४७५ वरून १०,६०० पौंडांवर गेली, पण ती घोषणा होती लिबरल डेमोक्रॅट पक्षाची.

पक्षाच्या खुर्चीत

नोव्हेंबर २००३ मध्ये मायकेल हॉवर्ड हुजूर पक्षाचे नेते झाले आणि त्यांनी पक्षाला दोन सहअध्यक्ष दिले: राजकीय बाजू लियम फॉक्स यांच्याकडे, कचेरी आणि प्रचारयंत्रणा साचींकडे. हुजूर पक्षात अध्यक्ष हा नेता नसतो. नेता त्याला नेमतो. देणग्या, कर्मचारी, प्रचार, तयारी ही त्याची कामं. २००४ मध्ये पक्षाची कचेरी स्मिथ स्क्वेअरमधून व्हिक्टोरिया स्ट्रीटला हलली. कुंपणावरच्या मतदारसंघांतले कुंपणावरचे मतदार शोधून त्यांच्यापुरता प्रचार करायचा, असा आखीव बेत झाला. ब्रिटनमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून, त्यामुळे पक्क्या जागांतली मतं वाढवून काही मिळत नाही. बेत तर्काला धरून होता. ऑस्ट्रेलियाहून लिंटन क्रॉस्बी प्रचार चालवायला आले.

ओळ ठरली: 'आमच्या मनात आहे तेच तुमच्याही मनात आहे ना?' ती १९७८ च्या शेजारी ठेवून बघावी. 'मजूर बेकार' वाचणाऱ्याला न विचारता त्याच्याकडून वाक्य पुरं करून घेते. ही ओळ प्रश्नच विचारते, आणि प्रश्नाला 'नाही' म्हणता येतं. शिवाय मुद्दे पाच-सहा: रुग्णालयांची स्वच्छता, शाळेतली शिस्त, स्थलांतर, कर, पोलीस. प्रत्येकावर लोक सहमत होते, पण सगळे मिळून पक्ष कशासाठी आहे याचं उत्तर होत नव्हतं. ५ मे २००५ ला हुजूर पक्षाच्या जागा १६६ वरून १९८ झाल्या, पण मतं ३१.७ वरून जेमतेम ३२.४ टक्क्यांवर गेली. सत्ता ब्लेअर यांच्याकडेच राहिली.

पराभवानंतर साचींनी लिहिलेल्या टिपणात मोहिमेला विचारांची बैठक नव्हती अशी टीका आहे, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही वगळलेलं नाही. चाचणीतून लोकांना काय आवडतं ते कळतं. पक्षानं काय मानावं ते कळत नाही. वजाबाकीला आधी काहीतरी असावं लागतं, ज्यातून वजा करायचं.

शेवटचं वाक्य कायद्याचं

२ जून २०११ ला साचींच्या पत्नी, कादंबरीकार जोसेफिन हार्ट, पोटाच्या आतल्या आवरणाच्या कर्करोगानं गेल्या. उपचार जुने, त्रासदायक आणि फारसे गुण न देणारे होते, असं साचींनी जाहीरपणे सांगितलं. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी लॉर्ड्स सभेत वैद्यकीय नवोपचारांचं विधेयक मांडलं.

त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच पद्धतीचा, तीन पायऱ्यांचा. प्रचलित उपचार म्हणजे कायद्यानं सुरक्षित उपचार. नवा उपचार म्हणजे प्रचलितापासून ढळणं. ढळणं म्हणजे हलगर्जीचा दावा. म्हणून डॉक्टर नवं करत नाहीत, म्हणून कर्करोग बरा होत नाही. ऐकणाऱ्याला ते चटकन पटतं.

पण कायदा तसा नव्हता. १९५७ च्या बोलॅम निकालापासून इंग्लंडमध्ये निकष असा आहे: त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट जो उपचार योग्य मानेल, तो करणं हलगर्जी नाही. गट बहुसंख्य असायची गरज नाही. १९९७ च्या बोलिथो निकालानं एक अट वाढवली, की ते मत तर्काला टिकलं पाहिजे. २००२ मध्ये तर माणसांवर न तपासलेलं औषध मेंदूच्या असाध्य आजारात द्यायला न्यायालयानं परवानगी दिली होती. डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या संघटना हेच सांगत होत्या: अडथळा दाव्याच्या भीतीचा नाही, पैसा, चाचण्या आणि औषधांची उपलब्धता यांचा आहे. उलट कायदा सैल केला तर हताश रुग्णाला काहीही विकणाऱ्या डॉक्टराला ढाल मिळेल आणि फसलेल्या रुग्णाचा दावा कमकुवत होईल.

इथे होर्डिंगची पद्धत चालत नाही. विधेयक समितीत जातं तेव्हा एकेका शब्दावर विचारणा होते. 'डॉक्टरनं इतरांचं मत घ्यावं', तर कोणाचं? किती जणांचं? विरोधी मत आलं तर? नोंद कुठे करायची? दर प्रश्नाला एक पोटकलम लागतं. जाहिरात शब्द काढून टाकून ताकद मिळवते, कायदा अपवाद जोडून. साचींनी तडजोडी केल्या, त्या विषयातल्या पात्र डॉक्टरांची मतं घेण्याची अट मान्य केली. २३ जानेवारी २०१५ ला लॉर्ड्स सभेनं विधेयक संमत केलं. पुढच्याच महिन्यात आघाडी सरकारमधल्या लिबरल डेमोक्रॅटांनी संमती नाकारली आणि हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, त्याला वेळच मिळाला नाही.

निवडणुकीनंतर हुजूर खासदार क्रिस हीटन-हॅरिस यांनी तोच विषय नव्या विधेयकात आणला. २३ मार्च २०१६ ला त्यावर राणीची मोहोर उमटली आणि तो कायदा झाला. तोवर हलगर्जीबद्दलची सगळी कलमं त्यातून काढून टाकलेली होती. उरली ती एक तरतूद: डॉक्टरांनी केलेल्या नव्या उपचारांची आणि त्यांच्या परिणामांची, चांगल्या तशाच वाईट, नोंद ठेवणारा माहितीसाठा तयार करायचा अधिकार आरोग्यमंत्र्यांना असेल.